शरणपूरचा लोहार : विल्यम जोन्स

मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावलेली वैनगंगा चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांच्या सीमेवरून दक्षिणेकडे वाहत जाते. चामोर्शी तालुक्यात मार्कंड्याच्या देवालयसमूहापाशी मात्र ती वळण घेते आणि काही अंतर उत्तरेकडे, म्हणजे आपल्या उगमाच्या दिशेने वाहते. उत्तरवाहिनी झालेल्या या प्रवाहामुळे त्या स्थानाला तीर्थाचे महत्त्व आले. महाशिवरात्रीला दूरदूरच्या गावांतून भाविक तेथे लोटतात. नदीला असे वळण भूगोल देतो. माणसाच्या आयुष्यात ते क्वचितच येते. ज्या भूमीतून बालपणी पळवून नेऊन विकले गेलो, त्याच भूमीकडे प्रौढपणी परतावे आणि आपल्यासारख्याच उखडल्या गेलेल्या माणसांसाठी गाव वसवावे, असे भाग्य म्हणा की कर्तृत्व म्हणा, फार थोड्यांच्या वाट्याला आले आहे. त्या थोड्यांपैकी काही जण महाराष्ट्रात, नाशिक शहराला लागून असलेल्या शरणपुरात वाढले होते, ही गोष्ट नाशिककरांपैकीही अनेकांना ठाऊक नसते. त्यांच्यातील एकाचे नाव होते विल्यम हेन्री जोन्स. संस्कृतचे अभ्यासक आणि कलकत्त्याचे न्यायाधीश सर विल्यम जोन्स ते हे नव्हेत. हा जोन्स आफ्रिकन होता, एके काळचा दास होता आणि हाताने लोहार होता.

समुद्रावरचा बाजार

महाराष्ट्राला आफ्रिकन माणूस नवा नव्हता. निजामशाहीचा कर्ता वजीर मलिक अंबर इथिओपियातून दास म्हणून विकला गेलेला मुलगा होता. त्यानेच खडकी हे शहर वसवले, जे पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले. जंजिऱ्याच्या सिद्दींची सत्ता तर कोकण किनाऱ्यावर स्वातंत्र्यानंतरच्या विलीनीकरणापर्यंत टिकली. मात्र या पराक्रमी अपवादांच्या मागे असंख्य अनाम माणसे होती. अरबी समुद्रावर शतकानुशतके मनुष्यविक्रीचा व्यापार चालला होता आणि एकोणिसाव्या शतकात तो ओसरण्याऐवजी वाढला.

या वाढीचे कारण साधे, आर्थिक होते. झांझिबार आणि पेंबा या बेटांवर लवंगेच्या बागा उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांना मजूर हवे होते. इराणच्या आखातात आणि अरबस्तानातही मागणी होती. मग न्यासा सरोवराच्या परिसरातील गावांवर धाडी पडत. पकडलेल्या माणसांच्या मानेत लाकडी बेळके अडकवून त्यांना किल्वासारख्या बंदरापर्यंत शेकडो मैल चालवत नेले जाई. वाटेत जो थकला, तो मागे राहिला. जे उरले ते गलबतांत कोंबले गेले.

या व्यापारात भांडवल कोणाचे होते, हा प्रश्न टाळता येत नाही. झांझिबारच्या बाजारपेठेत कर्ज देणारे, माल घेणारे आणि जकातीचा मक्ता चालवणारे व्यापारी मोठ्या संख्येने कच्छ व गुजरातमधून गेलेले हिंदी लोक होते. त्यांतील बहुतेकांनी दासांच्या तांड्यांना कधी हात लावला नसेल. परंतु त्या तांड्यांच्या खर्चाला लागणारा पैसा त्यांच्या पेढ्यांवरून जात असे. काहींच्या घरीदारी दासही होते. १८५८ ते १८६१ या काळात झांझिबारला ब्रिटिश प्रतिनिधी असलेल्या रिग्बीने हिंदी प्रजाजनांच्या मालकीचे हजारो दास मुक्त करविले, हे इतिहासात नोंदले गेले आहे.

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार शास्त्रकारांनी सांगितले आहेत : बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीपलीकडे ओझे लादणे आणि अन्नपाणी तोडणे. दासांच्या तांड्याचे वर्णन करायला याहून नेमके पाच शब्द सापडणार नाहीत. त्याच ग्रंथपरंपरेत परिग्रहाच्या मर्यादेची यादी येते तेव्हा शेत, घर, सोने, रुपे, धन आणि धान्य यांच्या ओळीत दासी-दासही येतात. माणूस हा मालमत्तेच्या यादीतला एक बाब होता, ही वस्तुस्थिती आपल्या भूमीतही होती आणि ती मान्य करूनच तिच्यावर मर्यादा घालण्याचा प्रयत्न झाला होता. दास्य ही केवळ परक्यांची लाजिरवाणी गोष्ट, असे मानण्याची सोय आपल्याला नाही.

हिंदुस्थानात १८४३ च्या पाचव्या कायद्याने दास्याची कायदेशीर मान्यता काढून घेतली. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने माणसाची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरवला. इंग्रजी आरमाराच्या नौका आता अरबी समुद्रात दासांची गलबते अडवू लागल्या. पण गलबत पकडल्यावर एक व्यावहारिक अडचण उभी राही. सुटका झालेल्या माणसांना ठेवायचे कुठे? आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरवले तर ते आठवडाभरात पुन्हा विकले जातील, हे उघड होते. म्हणून अनेकांना एडनला आणि तेथून मुंबईला आणले जाई. त्यांत मुलांची संख्या मोठी असे.

शरणपूर

मुंबईत या मुलांचा सांभाळ करण्याचे काम चर्च मिशनरी सोसायटीच्या इझेनबर्ग या जर्मन पाद्रीकडे आले. इझेनबर्ग पूर्वी इथिओपियात होता आणि त्याने अम्हारिक भाषेचा कोश केला होता. आफ्रिकन भाषांशी आणि माणसांशी त्याचा जुना परिचय होता. याच संस्थेच्या विल्यम सॉल्टर प्राइस या पाद्रीने १८५०च्या दशकात नाशिकजवळ शरणपूर हे गाव वसवले होते. आज नाशिकच्या शरणपूर रस्त्यावरून रोज हजारो माणसे जातात-येतात. त्या नावाचा अर्थ त्या काळी अक्षरशः खरा होता. १८६० च्या सुमारास मुंबईतील आफ्रिकन आश्रम या शरणपुरात हलवण्यात आला.

जोन्स याच आश्रमात वाढला. दास म्हणून विकल्या गेलेल्या मुलाची जन्मतारीख कुठल्या वहीत नसते. आईने ठेवलेले नावही बहुधा वाटेतच हरवते. शरणपूरच्या मुलांना मिळालेली नावे जोन्स, सेमलर, डेव्हिड, वेनराइट, वेलिंग्टन अशी होती, म्हणजे परक्यांची, आणि त्यांतील बरीचशी पाद्री व देणगीदार यांच्या मंडळातून आलेली. जोन्सच्या वाट्याला आलेल्या वस्तूंपैकी एक मात्र पूर्णपणे त्याची झाली, ती म्हणजे लोहारकाम.

शरणपूरच्या शाळेचे वैशिष्ट्य तिच्या कार्यशाळेत होते. मुले सकाळ-दुपार वाचन, लेखन, गणित शिकत. उरलेल्या वेळी सुतारकाम, लोहारकाम, शेती अशी कामे हातात घेत. ज्याला घर नाही, गोत नाही आणि वारशाने मिळालेली जमीन नाही, त्याच्यापाशी कसब तरी असले पाहिजे, हा हिशेब त्यामागे होता आणि तो बरोबर ठरला. ही मुले इंग्रजी शिकली आणि आजूबाजूची भाषाही त्यांच्या कानावर रोज पडत राहिली. अनेकांची आफ्रिकेची मातृभाषा मात्र पुसट होत गेली. पुढे आफ्रिकेत गेल्यावर लोकांनी त्यांना जे नाव दिले, ते या भूमीचे होते. त्यांना ‘बाँबे आफ्रिकन’ म्हणत. वर्णाने ते तिथले होते, वळणाने इथले.

परतीची वाट

केनियाच्या किनाऱ्यावर मोंबासा बेटापासून थोडे आत, टेकाडावर राबाई नावाचे गाव आहे. १८४६ मध्ये क्राप्फ आणि रेबमान या दोन जर्मन पाद्रींनी तेथे ठाणे उभारले होते. किलिमांजारोचे बर्फाच्छादित शिखर पाहून त्याचे वृत्त युरोपला प्रथम कळवणारा तो हाच रेबमान. क्राप्फ आणि इझेनबर्ग हे इथिओपियातील जुने सहकारी. त्यामुळे राबाई आणि शरणपूर यांच्यात एक धागा आधीपासूनच होता. क्राप्फ आजारपणामुळे परतल्यानंतर रेबमान राबाईत जवळजवळ एकटा पडला आणि त्याला मदतनिसांची गरज भासू लागली.

१८६४ मध्ये नाशिकहून तिघांना राबाईला पाठवण्यात आले. ते होते विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड. हे तिघे आफ्रिकेत परतले, परंतु आपल्या घरी परतले असे म्हणता येणार नाही. त्यांची मूळ गावे कित्येक दिवसांच्या चालीवर, आत कुठेतरी होती आणि तिथे कोणी उरले असेल याची खात्री नव्हती. मोंबासाच्या रस्त्यांवर तर दास विकत घेणारे आणि विकणारे उजळ माथ्याने फिरत होते. मुक्त आफ्रिकन माणूस, इंग्रजी वाचणारा, हातोडा चालवणारा आणि कोणाच्याही मालकीचा नसलेला, हे दृश्यच त्या किनाऱ्याला नवे होते. त्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक दासाला आणि प्रत्येक मालकाला त्या दृश्याचा अर्थ कळत होता.

लिव्हिंग्स्टनची नाशिकची मुले

शरणपूरच्या या पिढीची कीर्ती जगभर पोहोचली ती आणखी एका घटनेमुळे. प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ मध्ये मुंबईत आला आणि नाशिकला जाऊन आपल्या पुढच्या मोहिमेसाठी त्याने तेथून नऊ तरुण निवडले. त्याच्या सोबत चुमा नावाचा मुलगाही होता. लिव्हिंग्स्टननेच त्याला पूर्वी दासांच्या तांड्यातून सोडवले होते आणि मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवले होते. ही मंडळी जानेवारी १८६६ मध्ये मुंबईहून झांझिबारकडे निघाली. १८७२ मध्ये शरणपूरची आणखी एक तुकडी लिव्हिंग्स्टनच्या मदतीला आफ्रिकेच्या अंतर्भागात गेली. तिच्यात जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार आदी सहा जण होते.

१ मे १८७३ रोजी, आजच्या झांबियातील चितांबो या गावी लिव्हिंग्स्टन मरण पावला. त्याच्या सोबत्यांनी तेव्हा जे केले ते इतिहासात अमर झाले. त्यांनी त्याचे हृदय एका वृक्षाखाली पुरले, देह मीठ आणि उन्हाने सुकवला आणि तो खांद्यावर वाहत हजार मैलांहून अधिक चालून फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयोच्या किनाऱ्यावर आणला. वृक्षाखालच्या दफनाच्या वेळी प्रार्थना वाचली ती जेकब वेनराइटने आणि त्या झाडावर नाव व तारीख कोरली तीही त्यानेच. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांमध्ये शरणपूरच्या शाळेत शिकलेला हा तरुण उभा होता.

ही कथा इंग्रजी वृत्तपत्रांनी निष्ठावंत सेवकांची कथा म्हणून सांगितली. ती तशी होतीच. पण तिच्यात आणखी काही होते. साठ-सत्तर माणसांच्या तांड्याला, दुष्काळी आणि शत्रुत्वाच्या प्रदेशातून, नेत्याच्या मृत्यूनंतर, एका ठरवलेल्या कामासाठी महिनोन्‌महिने एकत्र ठेवणे ही संघटनाची परीक्षा असते. ते काम आफ्रिकनांनी, स्वतःच्या निर्णयाने, गोऱ्या माणसाच्या देखरेखीवाचून पार पाडले. पुढच्या वसाहतींचे बीज त्या सामर्थ्यात होते.

फ्रेअरटाउन

मुंबई इलाख्याचे १८६२ ते १८६७ या काळातील गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांचे नाव महाराष्ट्राला परिचित आहे. मुंबईचा कोट पाडून शहर मोकळे केले ते त्यांच्याच कारकिर्दीत. १८७३ च्या प्रारंभी ब्रिटिश सरकारने त्यांना झांझिबारच्या सुलतानाकडे पाठवले. बोलणी फार ताणली, परंतु त्याच वर्षी जूनमध्ये सुलतान बरगशने करारावर सही केली आणि झांझिबारचा दासबाजार बंद झाला. बंद बाजारातून आणि पकडलेल्या गलबतांतून सुटणाऱ्या माणसांना आता समुद्रापार नाशिकपर्यंत आणण्याऐवजी आफ्रिकेतच वसवावे, आणि नाशिकला तयार झालेल्या मंडळींना तेथे मार्गदर्शक म्हणून न्यावे, अशी कल्पना पुढे आली.

ती अमलात आणायला निवडला गेला तो शरणपूरचा संस्थापक प्राइसच. १८७४ च्या अखेरीस तो मोंबासाला पोहोचला. १८७५ मध्ये बेटासमोरच्या मुख्य भूमीवर जागा घेऊन वसाहत उभी राहू लागली आणि तिला फ्रेअरटाउन हे नाव मिळाले. हिंदुस्थानातून शे-दीडशे बाँबे आफ्रिकन स्त्री-पुरुष तेथे आले. त्यानंतर लगेचच आरमाराने पकडलेल्या गलबतांतून सुटलेली शेकडो माणसे तेथे उतरवण्यात आली.

त्या माणसांची अवस्था लक्षात घेतली, तरच या मंडळींच्या कामाचे मोल कळते. ती एका जमातीची नव्हती, एका भाषेची नव्हती. कुणाचा भाऊ वाटेत मेला होता, कुणाचे मूल दुसऱ्याच गलबतात गेले होते. त्यांच्यात नाते नव्हते, जात-पंचायत नव्हती, सामायिक देव नव्हता, सामायिक स्मृती होती ती फक्त बंधनाची. गाव म्हणजे घरांची ओळ नव्हे. गाव म्हणजे भांडण मिटवणारे कोणीतरी, बाळंतपणाला धावणारे कोणीतरी, पेरणीला बी उसने देणारे कोणीतरी. हे ‘कोणीतरी’ होण्याचे काम सुतार, लोहार, शिक्षक आणि उपदेशक असलेल्या बाँबे आफ्रिकनांनी केले. बंधनातून आलेल्या माणसाला दुसऱ्या बंधनातून आलेला माणूस समजावतो, तेव्हा त्याला अधिक पटते. परोपकारी परक्याला ते साधत नाही.

हे सर्व गोडीगुलाबीने झाले असे मात्र नाही. किनाऱ्यावरील अरब आणि स्वाहिली मालकांना ही वसाहत डोळ्यांत सलत होती. १८८० मध्ये फ्रेअरटाउनवर हल्ला करण्याच्या हालचाली झाल्या. धोक्याची सूचना देणारी तेथील घंटा आजही मोंबासात जपलेली आहे आणि त्या चौकाला लोक ‘केंगेलेनी’, म्हणजे घंटेची जागा, असे म्हणतात. संकट बाहेरूनच येत होते असेही नाही. एका गोऱ्या व्यवस्थापकाने शिस्तीच्या नावाखाली मुक्त झालेल्यांनाच फटके मारल्याची आणि कोंडून ठेवल्याची प्रकरणे निघाली, त्यांची चौकशी झाली. इंग्रजी बोलणाऱ्या, युरोपीय पोशाख घालणाऱ्या, स्वतःचे मत असलेल्या बाँबे आफ्रिकनांकडे अनेक पाद्री संशयाने पाहत. वेतनाचा आणि मानाचा भेद उघड होता. मुक्ती देणारा आणि मुक्ती घेणारा यांच्यातील हे अंतर पुसायला कायदा पुरत नाही.

निळी पताका

१८८५ मध्ये बिशप जेम्स हॅनिंग्टन यांनी जोन्स आणि सेमलर या दोघांना डीकनपदाची दीक्षा दिली. आजच्या केनियाच्या भूमीत ही दीक्षा मिळालेले हे पहिले आफ्रिकन. एके काळी ज्यांची किंमत बाजारात बोलली गेली, ते आता धर्मसंस्थेचे अधिकारी झाले.

त्याच वर्षी जुलैमध्ये हॅनिंग्टन सुमारे दोनशे हमाल घेऊन राबाईहून युगांडाकडे निघाले. मसाई प्रदेशातून जाणारी ती नवी, धोक्याची वाट होती. सोबतीला त्यांनी जोन्सला घेतले. ऑक्टोबरमध्ये क्वा सुंडू या ठिकाणी, म्हणजे आजच्या मुमियास येथे, बिशपनी पन्नास माणसे घेऊन पुढे जाण्याचे ठरवले आणि उरलेला दीडशे माणसांचा तांडा जोन्सच्या हवाली केला. २९ ऑक्टोबर १८८५ रोजी बुसोगामध्ये, बुगांडाचा राजा म्वांगा याच्या आज्ञेने बिशपचा वध झाला. त्यांच्यासोबतच्या पन्नासांपैकी चौघेच जीव वाचवून मागे आले.

जोन्सपुढे आता जो प्रसंग होता, तो कोणत्याही सेनापतीची कसोटी पाहणारा होता. बातमी खरी की खोटी, थांबावे की फिरावे, सूड घ्यावा की माणसे वाचवावीत? तो काही आठवडे थांबला, आशा उरली नाही अशी खात्री करून घेतली आणि मग दीडशे माणसांना घेऊन परत फिरला. फेब्रुवारी १८८६ मध्ये तो तांडा राबाईला पोहोचला, तेव्हा त्यांच्या पुढे एक निळी पताका होती आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘इकाबोद’ हा हिब्रू शब्द शिवलेला होता. त्याचा आशय, वैभव निघून गेले. शोक व्यक्त करण्याचीही एक रीत असते आणि जोन्सला ती साधली. त्याहून महत्त्वाचे हे की, त्याच्या हवाली केलेली माणसे त्याने घरी आणली होती.

राबाईचे फरारी

जोन्सच्या आयुष्यातील खरा पेच याच काळात राबाईत वाढत होता. आरमाराने सोडवलेले दास कायद्याने मुक्त होते. त्यांना वसवण्यात अडचण नव्हती. पण किनाऱ्यावरच्या बागांतून स्वतःच्या पायांनी पळून येणाऱ्यांचे काय? सुलतानाच्या राज्यात दास्य अजून कायदेशीर होते. पळालेला दास ही मालकाची चोरीला गेलेली मालमत्ता होती. मिशनचे अधिकृत धोरण स्पष्ट होते. फरारींना आसरा द्यायचा नाही. दिला तर वसाहतीवर हल्ला होईल आणि सर्वच बुडेल.

या धोरणामागे भीतीबरोबर विवेकही होता, हे मान्य केले पाहिजे. जे शेकडो लोक आधीच वसले होते, त्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणीतरी घ्यायलाच हवी होती. परंतु जोन्सच्या दारात रात्री येऊन उभा राहणारा माणूस धोरण म्हणून येत नव्हता. पाठीवर वळ घेऊन येत होता. त्याला परत पाठवणे म्हणजे काय, हे जोन्सला पुस्तकातून वाचण्याची गरज नव्हती. राबाईत येऊन झोपडी बांधणाऱ्या, शेत धरणाऱ्या माणसांची संख्या वर्षागणिक वाढत गेली. त्यांच्यातील कित्येक फरारी आहेत, हे गाव सांभाळणाऱ्या जोन्सला ठाऊक नसणे शक्य नव्हते. तरी त्याने दार लावून घेतले नाही. नियमाचा भंग त्याने गाजावाजा करून केला नाही. गाव वाढवत राहून केला.

१८८८ मध्ये प्रश्न फुटला. इंपीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीने किनाऱ्याचा कारभार हाती घेतला आणि मालकांनी आपले दास परत मागितले. फरारींनी भरलेल्या राबाईवर शस्त्रे चालण्याची वेळ आली. या पेचातून मार्ग काढण्यासाठी प्राइस पुन्हा एकदा मोंबासात आला होता. शरणपूर वसवणारा पाद्री आणि शरणपुरात वाढलेला लोहार, दोघे आता एका अवघड हिशेबाच्या दोन बाजूंना उभे होते. प्राइसला फरारींची संख्या पाहून धक्का बसला. जोन्सच्या दृष्टीने ती संख्या नव्हती, गावकरी होते.

अखेर कंपनीचा प्रशासक जॉर्ज मॅकेन्झी याने तोडगा काढला. फरारींना परत न करता मालकांना पैसे देऊन त्यांची मुक्ती विकत घ्यायची. वर्गणी जमली, मालकांशी सौदा झाला आणि १८८९ च्या प्रारंभी राबाई आणि शेजारच्या मिशन-गावांतील सुमारे १४०० माणसांना मुक्ततेचे दाखले मिळाले. झोपड्या तशाच राहिल्या, शेते तशीच राहिली. जे लपून जगत होते, ते एका कागदाने उजेडात आले. जोन्सने वर्षानुवर्षे जे मूकपणे मानले होते, त्याला आता शिक्का मिळाला.

हिशेबाची उरलेली बाजू

या व्यवहाराकडे जमाखर्चाच्या दृष्टीने पाहिले की एक गोष्ट खटकते. भरपाई मिळाली ती मालकांना. ज्यांचे श्रम वर्षानुवर्षे फुकट घेतले गेले, त्यांच्या खात्यावर काहीच जमा झाले नाही. ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ मध्ये आपल्या वसाहतींतील दास्य रद्द केले, तेव्हाही दोन कोटी पौंड मालकांना देण्यात आले होते. दासाच्या श्रमाची थकबाकी कोणत्याच वहीत दाखवली गेली नाही. झांझिबारमध्ये दास्याची कायदेशीर मान्यता १८९७ मध्ये संपली आणि केनियाच्या किनाऱ्यावर ती १९०७ पर्यंत टिकली.

भारतात हाच प्रश्न वेगळ्या रूपाने पुढे आला. उसने घेतलेल्या थोड्या धान्यापायी किंवा लग्नाच्या कर्जापायी पिढी गहाण पडणे आपल्या देशाला अपरिचित नव्हते आणि वेठ-बेगार हा शब्द वनप्रदेशातील जुन्या माणसांना समजावून सांगावा लागत नाही. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने मात्र हिशेब उलटा फिरवला. वेठीस कारण झालेले कर्जच नष्ट ठरवले आणि धनकोला त्याबद्दल काहीही देणे लागत नाही, असे नमूद केले. माणूस तारण असलेले कर्ज हे कर्जच नव्हे, हे तत्त्व कायद्यात यायला एवढा काळ लागला. तरीही सुटका झालेल्या मजुराला दुसऱ्या दिवशी सकाळी काम, घर आणि शेजार कोण देणार, हा प्रश्न कायद्याच्या कलमात सुटत नाही. तो राबाईसारख्या गावातच सुटतो.

फ्रेअरटाउनच्या वंशजांनी आपली कथा पुढे स्वतः लिहिली. मुक्त दासाचा पुत्र असलेल्या जेम्स म्बोटेला याचे ‘उहुरु वा वाटुम्वा’, म्हणजे ‘दासांचे स्वातंत्र्य’, हे स्वाहिली पुस्तक १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९३५ मध्ये, मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासात वार्धक्याने निवर्तला. लिव्हिंग्स्टनचा देह वाहणाऱ्यांपैकी उरलेला तो अखेरचा दुवा होता आणि शरणपूरच्या शाळेचा बहुधा अखेरचा मोठा साक्षीदार.

आज राबाईत एक छोटे संग्रहालय आहे, जुनी प्रार्थनामंदिरे आहेत आणि त्या गावकऱ्यांची नातवंडे-पणतवंडे किनारपट्टीवर पसरली आहेत. त्यांच्यातील कुणाला नाशिक हे नाव उच्चारून दाखवले, तर ते परके वाटणार नाही. नाशिकमध्ये मात्र शरणपूर रस्त्यावर जोन्सच्या नावाची ओळख सांगणारे फारसे कोणी भेटत नाही. शहरे आपल्या राजांची आठवण ठेवतात, लोहारांची ठेवत नाहीत. पण तापलेले लोखंड थंड होण्यापूर्वी घाव घालावा लागतो, हे लोहाराला कुणी सांगावे लागत नाही. राबाईच्या दारात पळून आलेला माणूस उभा राहिला तेव्हा परवानगीची वाट न पाहता जोन्सने त्याला आत घेतले. दाखला नंतर आला.